मार्चचं कॉलेज बास्केटबॉल : प्रश्न वाचकांचे

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा मोसम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपतो. त्यातले शेवटचे तीन आठवडे एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या बाद फेरीचे. सातारा-सांगलीकडून त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रं इथे घेतली आहेत. महिलांचा वेगळा उल्लेख नसेल तिथे पुरुषांची स्पर्धा समजावी.

२०२४ मध्ये इंडियाना स्टेटने ३४ पैकी २८ सामने जिंकले, तरी त्यांना स्पर्धेत घेतलं नाही. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना स्टेट १४ सामने हरून आत गेली आणि थेट फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चार संघांत, पोचली. हा कुठला न्याय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

प्रवेश दोन प्रकारे मिळतो. प्रत्येक कॉन्फरन्सच्या, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, विजेत्याला थेट प्रवेश असतो आणि उरलेल्या जागा निवड समिती भरते. २०२५ च्या ६८ संघांत ३१ थेट आले, ३७ समितीने निवडले. बहुतेक कॉन्फरन्स आपला विजेता मार्चमधल्या चार-पाच दिवसांच्या स्पर्धेतून ठरवतात. नोव्हेंबरपासूनची सगळी कामगिरी तिथे बाजूला पडते.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट एसीसी या आपल्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत उतरली तेव्हा तिचा हिशेब १७ विजय, १४ पराभव असा होता. त्यावर समितीने तिला घेतलंच नसतं. पण तिने पाच दिवसांत पाच सामने काढले, त्यात ड्यूक, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना हे तिघं ओळीने गेले. थेट प्रवेश मिळाला, अकरावं सीड (मानांकन) मिळालं. असा अनपेक्षित विजेता आला की काठावरच्या संघांसाठी एक जागा कमी होते. २०२४ मध्ये असं एकदा नव्हे, अनेक कॉन्फरन्समध्ये घडलं, आणि काठावर बसलेले संघ बाहेर ढकलले गेले.

इंडियाना स्टेट त्याच काठावर होती. मिझुरी व्हॅली कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून हरल्यावर समितीवर विसंबण्याशिवाय तिच्याकडे काही उरलं नाही. समिती नुसते विजय मोजत नाही. २०१८-१९ पासून ‘नेट’ नावाची क्रमवारी वापरली जाते आणि त्यावरून प्रत्येक सामना चारपैकी एका गटात टाकला जातो. पहिला गट सर्वांत अवघड: घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधला प्रतिस्पर्धी, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधला, परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधला. म्हणजे साठाव्या क्रमांकाच्या संघाला घरी हरवलं तर तो विजय दुसऱ्या गटात मोडतो, त्याच संघाला त्याच्या गावात जाऊन हरवलं तर पहिल्या गटात. लहान कॉन्फरन्सच्या संघाला जानेवारीनंतर पहिल्या गटाचे सामने फारसे मिळत नाहीत, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठे संघ त्याच्या गावी खेळायला येत नाहीत, कारण हरले तर नुकसान त्यांचंच. त्यामुळे नेटमध्ये तीसच्या आत असूनही इंडियाना स्टेटच्या खात्यात मोठे विजय तोकडे पडले.

समितीने नेटमध्ये पन्नासच्या पुढे असलेल्या व्हर्जिनियाला घेतलं. पहिल्याच सामन्यात कोलोरॅडो स्टेटने तिला ६७-४२ असं धुतलं. निवड नियमाला धरून होती, पण आमच्या मते चुकीची होती. वर्तमानपत्रवाल्यांची पहिल्या २५ संघांची यादी मात्र या सगळ्यात कुठेच धरली जात नाही. ती बघून अंदाज बांधू नका.

सामने भारतीय वेळेप्रमाणे नक्की कधी असतात? मागच्या वेळी मी सोमवारची फायनल म्हणून सोमवारी पहाटे उठलो आणि काहीच नव्हतं. सकाळी दहाला बँकेत पोचायचं असतं.
— बँक कर्मचारी, कराड

अमेरिकेतला सोमवार रात्रीचा सामना म्हणजे आपली मंगळवारची सकाळ. तारखेत एक दिवस पुढे धरा, म्हणजे निम्मा घोटाळा मिटेल. उरलेला निम्मा घड्याळाचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळं एक तास पुढे करते. त्याआधी न्यूयॉर्कची वेळ आपल्यामागे साडेदहा तास असते, त्यानंतर साडेनऊ. कॉन्फरन्स स्पर्धांचा काही भाग या बदलाच्या आधी आणि काही नंतर येतो, म्हणून त्या आठवड्यात फोनमध्ये लावलेले गजर हमखास चुकतात. शिवाय सॅन अँटोनिओ किंवा शिकागोच्या सामन्याची वेळ कधी स्थानिक छापतात, ती न्यूयॉर्कच्या एक तास मागे असते. वेळेपुढे कोणत्या विभागाची म्हणून लिहिलं आहे ते आधी बघा.

मुख्य स्पर्धेसाठी साडेनऊ तासांचाच हिशेब. रविवारी संघ जाहीर होतात ते आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेतीनला. मंगळवार-बुधवारचे डेटनमधले प्राथमिक चार सामने आपल्या बुधवार-गुरुवारच्या पहाटे. पहिली फेरी गुरुवारी आणि शुक्रवारी, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सुरू, म्हणजे आपल्याकडे रात्री पावणेदहा. तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत सामने चालूच असतात. नोकरदारासाठी यातले दोनच तुकडे कामाचे: रात्रीचा पहिला सामना, जो बाराच्या आसपास आटोपतो, आणि सकाळी साडेसहा-सातनंतर सुरू होणारे शेवटचे. मधल्या रात्री जागून काही हाती लागत नाही. शनिवार-रविवारच्या दुसऱ्या फेरीला सुट्टीचा थोडा आधार मिळतो.

फायनल फोर शनिवारी. आपल्याकडे रविवारी पहाटे साडेतीन-पावणेचारला पहिला आणि सव्वासहाच्या सुमारास दुसरा. अंतिम सामना मंगळवारी सकाळी सव्वासहा-साडेसहाला. साडेआठ-पावणेनऊला संपतो. बँक सापडते.

आमच्या १४ जणांच्या गटाला ब्रॅकेट (सगळ्या सामन्यांच्या निकालांच्या अंदाजाचे तक्ते) भरायचे आहेत. गुण कसे द्यावेत, भरताना काय बघावं? पहिल्या वर्षी पहिल्या दोन दिवसांतच सगळ्यांच्या कागदांची वाट लागली.
— एक गट, सातारा

सगळ्यांच्याच कागदांची लागते. प्राथमिक चार सामने सोडले तर ६३ निकाल ओळखायचे असतात आणि सगळ्या शक्यतांची संख्या एकोणीस आकडी होते. बिनचूक कागदाचा नाद सोडा. बाकीच्या तेरांपेक्षा कमी चुका, एवढंच लक्ष्य ठेवा.

आधी व्यवस्था. सोमवारी सकाळी कोरा ब्रॅकेट आडव्या ए-फोर कागदावर छापून १४ झेरॉक्स काढा. प्राथमिक सामन्यांमुळे चार जागी दोन-दोन संघांची नावं असतील. तिथे जो कोणी जिंकेल तो तुमचा, असं धरा. मुदत गुरुवारी रात्री ९. त्याआधी प्रत्येकाने भरलेल्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकायचा, म्हणजे नंतर ‘मी हेच लिहिलं होतं’ हा वाद उरत नाही. गुणांची बेरीज एकानेच करावी. बरोबरी झाली तर अंतिम सामन्यातले दोन्ही संघांचे एकूण गुण किती, हा अंदाज आधीच लिहून घ्यावा. अनेक जण १६०-१७० लिहितात, ते जास्त होतं. २०२१ ते २०२५ या पाच अंतिम सामन्यांत एकूण गुण १५६, १४१, १३५, १३५ आणि १२८ होते, सरासरी १३९.

गुणांची प्रचलित पद्धत फेरीनुसार १, २, ४, ८, १६, ३२ अशी. त्यात अडचण अशी की विजेता ओळखल्याचे ३२ गुण आणि पहिल्या फेरीतले सगळेच्या सगळे ३२ सामने ओळखल्याचेही ३२. एका नावावर निकाल लागतो. १४ जणांच्या गटाला आम्ही १, २, ३, ५, ८, १३ सुचवतो. एकूण १३७ गुण होतात, विजेत्याला वजन राहतं, पण सुरुवातीला नीट अभ्यास केलेला माणूस शेवटच्या आठवड्यापर्यंत शर्यतीत टिकतो.

आता भरण्याचं. स्पर्धेच्या चारही विभागांत प्रत्येकी १ ते १६ सीड असतात आणि पहिल्या फेरीत दोघांच्या सीडची बेरीज १७ येते. १९८५ ते २०२५ या काळात पहिल्या सीडने सोळाव्याशी १६० सामने खेळले आणि दोनच हरले: २०१८ मध्ये व्हर्जिनिया यूएमबीसीकडून, २०२३ मध्ये पर्ड्यू फेअरली डिकिन्सनकडून. त्याच काळात पंधराव्या सीडने दुसऱ्याला ११ वेळा हरवलं. चौदावं सीड साधारण सातांत एकदा जिंकतं, तेरावं पाचांत एकदा, बारावं तीनांत एकदा, अकरावं आणि दहावं पाचांत जवळजवळ दोनदा. आठवं विरुद्ध नववं म्हणजे नाणं उडवा. यावरून पहिल्या फेरीचा साचा असा बसतो: पहिल्या दोन सीडना हात लावू नका, चार बाराव्यांपैकी एक किंवा दोन घ्या, दहाव्या-अकराव्यांमधून मिळून तीन, आणि तेरा-चौदामधून फार तर एक.

बाराव्याला एवढं यश का? बरेचदा तो लहान कॉन्फरन्सचा विजेता असतो, त्याच पाच-सात खेळाडूंनी वर्षभर जिंकण्याची सवय लावून घेतलेली. पाचवं सीड हा मोठ्या कॉन्फरन्समधला चांगला पण अधूनमधून घसरणारा संघ. २०२५ मध्ये मॅकनीसने क्लेमसनला आणि कोलोरॅडो स्टेटने मेम्फिसला घरी पाठवलं ते याच जागेवरून. बारावं निवडताना दोन गोष्टी तपासा: तो चेंडू किती वेळा गमावतो आणि किती फ्री थ्रो हुकवतो. या दोन्हींत ढिला संघ मोठ्या संघापुढे शेवटच्या पाच मिनिटांत कोसळतो. नुसत्या तीन गुणांच्या शॉटवर जगणारा संघ एक सामना मारून जातो, दुसऱ्यात तेच शॉट रिंगला लागून बाहेर येतात.

सर्वांत महाग चूक वेगळीच आहे. पहिल्या फेरीत लहान संघ निवडला की माणूस त्याच्या प्रेमात पडतो आणि त्याला आणखी दोन फेऱ्या पुढे नेतो. असे चमत्कार होतात. २०२२ मध्ये पंधरावं सीड असलेलं सेंट पीटर्स शेवटच्या आठपर्यंत गेलं. पण अकराव्यापेक्षा खालचं सीड आजवर फायनल फोरमध्ये पोचलेलं नाही, आणि सर्वांत खालचं विजेतं सीड आठवं, १९८५ चं व्हिलानोवा. म्हणून धक्का एका फेरीपुरता ठेवा. फायनल फोरमध्ये पहिली सीड एक किंवा दोन घ्या. चारही पहिली सीड २००८ आणि २०२५ अशी दोनदाच आली; एकही नाही असंही २००६, २०११ आणि २०२३ मध्ये झालं.

पैसे लावू नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे आणि राज्याचा जुगारबंदी कायदा त्याआधीपासूनचा. हरलेल्या तेरांनी मिळून जिंकणाऱ्याला कंदी पेढ्यांचा किलोचा बॉक्स द्यावा, साताऱ्यात तेवढं पुरे.

मी शाळेच्या संघात खेळतो. कॉलेजच्या सामन्यांत नियम वेगळे दिसतात. शेवटी हरणारा संघ मुद्दाम फाऊल का करतो?
— इयत्ता नववी, मिरज

तू फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांनी खेळतोस: १० मिनिटांचे चार क्वार्टर, शॉटसाठी २४ सेकंद, चेंडू पुढच्या अर्ध्यात न्यायला ८ सेकंद. तिकडे पुरुषांचे २० मिनिटांचे दोन हाफ, शॉटसाठी ३० सेकंद, चेंडू पुढे न्यायला १०. आक्रमक रिबाऊंड (आपल्याच संघाचा हुकलेला चेंडू) घेतला की फिबात घड्याळ १४ वर येतं, तिकडे २० वर. पाच फाऊलला बाहेर, हे दोन्हीकडे सारखं. तीन गुणांची रेषाही २०१९-२० पासून सारखीच, ६.७५ मीटर, त्यामुळे तुझ्या मैदानावरचा सराव त्यांच्याच अंतराचा आहे. रिंगला लागून वर उडालेला चेंडू फिबात हाताने ढकलता येतो. तिकडे तो रिंगच्या वर असेपर्यंत हात लावला तर चूक धरतात.

मोठा फरक संघाच्या फाऊलचा. फिबात क्वार्टरमधल्या पाचव्या फाऊलपासून दोन फ्री थ्रो मिळतात. कॉलेज पुरुषांत एका हाफमधल्या सातव्या, आठव्या आणि नवव्या फाऊलला ‘वन-अँड-वन’: पहिला थ्रो पडला तरच दुसरा मिळतो. दहाव्यापासून सरळ दोन. आता गणित कर. ६० टक्के थ्रो पाडणारा खेळाडू दोन थ्रोंवर सरासरी १.२ गुण काढतो, वन-अँड-वनवर ०.६ अधिक ०.३६, म्हणजे ०.९६. दहांत चारदा तर काहीच नाही आणि चेंडू खेळात. मागे पडलेला संघ म्हणूनच फाऊल करतो: घड्याळ थांबतं, दोन किंवा तीनऐवजी कमी गुण द्यावे लागतात आणि चेंडू परत येतो. फाऊल कुणावर करायचा तेही ठरलेलं असतं, कच्च्या थ्रोवाल्यावर. २०२४ च्या एसीसी उपांत्य सामन्यात व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे होती, अखेरच्या सेकंदांत वन-अँड-वनचा पहिला थ्रो हुकला, आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेटने तीन गुणांचा शॉट मारून सामना जादा वेळेत नेला. सरावात दमल्यावर, धावून झाल्यावर लगेच वन-अँड-वन मारत जा. ताज्या दमाने मारलेले वीस थ्रो सामन्यात फारसे उपयोगी पडत नाहीत.

आमच्या कॉलेजच्या संघाचे आकडे मी लिहितो. तिकडचे लोक शंभर पझेशनमागे गुण मोजतात, ते आपल्या गुणपत्रकावरून काढता येईल का?
— विद्यार्थी, इस्लामपूर

येईल. पझेशन म्हणजे चेंडू संघाच्या ताब्यात येण्याची एक पाळी. चार आकडे लागतील: मारलेले शॉट, आक्रमक रिबाऊंड, गमावलेले चेंडू, फ्री थ्रो. सूत्र असं: शॉट, वजा आक्रमक रिबाऊंड, अधिक गमावलेले चेंडू, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४७५. समजा ६२ शॉट, १० आक्रमक रिबाऊंड, १४ चेंडू गमावले, २० फ्री थ्रो आणि ७२ गुण. ६२ वजा १० अधिक १४ अधिक ९.५, बरोबर ७५.५ पझेशन. ७२ भागिले ७५.५ गुणिले १००, म्हणजे ९५.४. अमेरिकी कॉलेजमध्ये सरासरी संघ १०५ च्या आसपास असतो.

शॉटची खरी टक्केवारीही काढून ठेवा. पडलेले शॉट अधिक तीन गुणांच्या पडलेल्या शॉटचे निम्मे, भागिले एकूण शॉट. ६२ पैकी २७ पडले आणि त्यात ६ तीन गुणांचे असतील तर ३० भागिले ६२, ४८.४ टक्के.

आकडे बिघडतात ते बहुतेक दोन जागी. फाऊल होऊन हुकलेला शॉट एकूण शॉटमध्ये धरायचा नाही (पडला तर धरायचा). नवखे लेखनिक तो धरतात. आणि हुकलेला चेंडू विरुद्ध संघाला लागून बाहेर गेला तर तो संघाचा आक्रमक रिबाऊंड, तो कुणाच्याच नावावर नसल्याने सुटून जातो. पडताळा सोपा आहे: दोन्ही संघांची पझेशन वेगवेगळी काढा. चेंडू आळीपाळीनेच मिळतो, तेव्हा दोन-तीनपेक्षा जास्त फरक आला तर गुणपत्रकात काहीतरी चुकलं आहे. केनपॉमसारख्या क्रमवाऱ्या यात प्रतिस्पर्ध्याची ताकदही मिळवतात. जिल्ह्यातल्या सात-आठ सामन्यांवर ते करायला जाऊ नका, आकडा फसवा निघेल.

मोबाईलवर एक सामना बघायला किती डेटा जातो?
— वाई

सामना ४० मिनिटांचा, पण चालतो सव्वादोन तास. प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की खेळ थांबेल तिथे जाहिरातींचा टाइमआऊट असतो, आणि शेवटची दोन मिनिटं पंधरा मिनिटं खातात. एचडीत तासाला दोन-तीन जीबी जातो, म्हणजे रोजचा दोन जीबीचा पॅक मध्यंतरालाच संपतो. ४८० पिक्सेलवर तासाला अर्धा-पाऊण जीबी. लहान पडद्यावर तेवढं चालतं. सारांश पुरत असेल तर एनसीएएच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर ठळक क्षण येतात.

महिलांच्या स्पर्धेचा ब्रॅकेट पुरुषांसारखाच भरावा का?
— विद्यार्थिनी, विलिंग्डन परिसर, सांगली

नाही. महिलांत प्रत्येक विभागातली पहिली चार सीड पहिल्या दोन फेऱ्या आपल्याच मैदानावर खेळवतात, पुरुषांत तटस्थ मैदान असतं. त्यामुळे धक्के खूपच कमी. सोळाव्याने पहिल्याला हरवलं ते एकदाच, १९९८ मध्ये हार्वर्डने स्टॅनफर्डला. पहिल्या दोन फेऱ्यांत वरची चार सीड डोळे मिटून पुढे न्या आणि डोकं शेवटच्या आठांवर चालवा. तिथे यूकॉन (२०२५ चा विजय धरून १२ विजेतेपदं) आणि साउथ कॅरोलायना यांना टाळून गुण मिळवणं अवघड. महिलांचे १० मिनिटांचे चार क्वार्टर असतात आणि वन-अँड-वन नाही. मिरजेच्या वाचकाला वर सांगितलेलं शेवटच्या मिनिटांचं गणित तिथे बदलतं. अंतिम सामना अलीकडे रविवारी दुपारी तीनला ठेवतात, आपल्याकडे मध्यरात्री साडेबारा.

मला कुठलाच संघ जवळचा नाही. कुठून सुरुवात करू?
— निवृत्त शिक्षक, कोरेगाव

सर, ड्यूक-केंटकीसारख्या बड्या नावांपासून करू नका. हल्ली खेळाडू दर वर्षी कॉलेज बदलतात आणि बड्या संघात तर ओळख होईपर्यंत चेहरे पालटतात. एक लहान कॉन्फरन्स धरा. मिझुरी व्हॅली चांगली आहे: सामने अटीतटीचे, आणि सेंट लुईसला होणारी तिची स्पर्धा मोठ्यांच्या एक आठवडा आधी येते. फेब्रुवारीत आठवड्याला एक सामन्याचा सारांश आणि गुणतक्ता एवढं पाहिलंत तरी चार-पाच संघ डोक्यात बसतील. मग तिच्या स्पर्धेचे शेवटचे दोन दिवस पूर्ण बघा. इथे बहुधा एकालाच पुढे जायला मिळतं, म्हणून उपांत्य सामन्यापासून प्रत्येक चेंडूला किंमत येते; मोठ्या कॉन्फरन्समध्ये हरणारेही पुढे जातात (२०२५ मध्ये एसईसीच्या १६ पैकी १४ संघांना प्रवेश मिळाला) आणि ती धार तिथे नसते. सेंट लुईसचा विजेता दहा-बारा दिवसांनी बहुधा दहावं ते बारावं सीड घेऊन पहिल्या फेरीत उतरेल, त्या रात्री तुमचा संघ ठरलेला असेल. परीक्षेचे पेपर तपासायचे नसल्याने मार्च तुम्हाला मोकळा आहेच.